मामाजींचे जिने

भाऊराव रामटेके यांची आणि माझी पहिली गाठ पडली ती माझ्याच लग्नाच्या पंगतीत. ते माझ्या बायकोचे, म्हणजे संध्याचे, सख्खे मामा. वाढपी जिलबीची परात घेऊन आला, तशी मामाजींनी ताटावर उजव्या हाताची मूठ धरली. वाढप्याने मुठीकडे पाहिलं, मामाजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुठीच्या बाजूने दोन जिलब्या सोडल्या. मामाजींनी मूठ आणखी घट्ट आवळली. त्या बिचाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याला आणखी हव्यात. ताट भरून वाहायला लागलं तेव्हा शेजारच्या पंगतीतून मामी कडाडल्या, "अरे मूठ म्हणजे थांब, बापा! यायची जीभ फक्त घास गिळाले आहे. बोलणं सारं हातानं."

मामाजींनी त्या सगळ्या जिलब्या खाल्ल्या. ताटात टाकायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम.

ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात रिगरांचे फोरमन होते. रिगर म्हणजे अवजड लोखंड साखळीने बांधून, क्रेनने उचलून, नेमकं जागेवर बसवणारा माणूस. तिथल्या आवाजात ओरडून काही उपयोग नसतो. वर केबिनमध्ये बसलेला क्रेनवाला खालच्या माणसाच्या हाताकडे बघतो आणि त्या हातावर विश्वास ठेवून टनावारी माल हलवतो. त्यांच्या गँगची आपली एक भाषा होती. तर्जनी वर करून फिरवली की उचल. बोटांची सावकाश उघडझाप केली की जरा जरा खाली. मूठ म्हणजे थांब, जसा आहेस तसा थांब. निवृत्त झाल्यावर मामाजींनी कारखान्याच्या बाकी सगळ्या वस्तू जमा केल्या असतील, ही भाषा मात्र घरी आणली. चहा कपात पडत असताना बोटं उघडझाप करत, कप भरला की मूठ. मामी कधी कधी मुद्दाम बशीत सांडेपर्यंत ओतत आणि म्हणत, "माह्या क्रेनचा ब्रेक फेल आहे."

मी रेल्वेतला. मालगाडीचा गार्ड, भिलाई-3 च्या रेल्वे कॉलनीत राहणारा, बापाच्या वेळेपासून नागपूरहून ह्या लाइनवर आलेल्यांपैकी. प्लांटवाल्यांना वाटतं भिलाई त्यांनी वसवली, आम्हाला वाटतं त्यांचं लोखंड आम्ही वाहून नेलं नसतं तर त्यांनी ते काय चाटलं असतं. हा वाद मामाजींशी करणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी बराच वेळ बोललो की ते मूठ दाखवत. पण मी पडलो जावई. 'जवाईबापू' म्हटल्याशिवाय त्यांनी मला कधी हाक मारली नाही आणि मी घरात आलो की एकुलती एक धड खुर्ची माझ्याखाली सरकवली जाई. त्या खुर्चीत बसवून ते माझ्या हातात कानस देत आणि घासायला लावत. जावयाला कामाला लावायचं नाही हा रिवाज त्यांनी असा पाळला की काम झालं आणि मान पण राहिला.

काम म्हणजे गाडीचं. मामाजींचा मुलगा मिलिंद पुण्यात. एका दिवाळीत त्याने आपल्या पोरासाठी खेळण्यातली आगगाडी आणली, सुट्टी संपली, पोर गेलं, गाडी राहिली. मामाजींनी ती आधी जमिनीवर चालवली, मग जुन्या दारांच्या फळ्या जोडून केलेल्या टेबलावर, आणि ते टेबल वाढत वाढत मागच्या खोलीच्या तिन्ही भिंतींना लागलं. मामींची शिलाई मशीन बाहेर आली, तांदळाची कोठी बाहेर आली. मामी म्हणाल्या, "एक दिवस मी पण बाहेर येईन." पण ती नुसती बोलायची गोष्ट, कारण घर वरच्या मजल्यावर होतं आणि मामींच्या गुडघ्यांनी तेव्हाच असहकार सुरू केला होता.

दीक्षाभूमीला म्हणून दोघं नागपूरला गेले, तेव्हा मामाजींनी खांबांवरून धावणारी मेट्रो पाहिली. रस्त्याच्या मधोमध उभं राहून ते मान वर करून बघत राहिले. मामी सांगत, "लोकं बाबासाहेबाले हात जोडून राहिले अन् हे खांबाले." परत आल्यावर टेबलावर खांब उभे राहायला लागले. लाकडी पट्ट्यांचे खांब, त्यावर रूळ, मधे दोन्ही बाजूंना फलाट असलेलं झकास स्टेशन. छप्पर, बाकं, पंखेसुद्धा. मातीची माणसं फलाटावर उभी. पहिल्यांदा गाडी वरून धावली त्या दिवशी मला खास बोलावणं आलं. मी टाळ्या वाजवल्या. मामी चहा घेऊन आल्या, थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. पण लोकं चढतीन कसे?"

मामाजींनी स्टेशनला जिनाच केला नव्हता. सगळं मापात, सगळं घोटीव, आणि वर जायला वाटच नाही. मी इतका हसलो की चहा नाकात गेला. पण मला तेव्हाच कळलं, ही चूक दुसरं कोणी करणार नाही. आयुष्यभर ज्या माणसाने वस्तू क्रेनने वर पाठवल्या, त्याच्या डोक्यात वर जाणं म्हणजे उचलून ठेवणं. मातीची माणसं त्यांनी बोटांच्या चिमटीने फलाटावर ठेवली होती, मग त्यांना पायऱ्या कशाला लागतात?

मग जिने सुरू झाले. पहिला जिना पाहून मी म्हटलं, "मामाजी, याच्यावरून प्यासेंजर नाही चढत, फर्नेसवाले चढतात." उभाच्या उभा, जाळीच्या पायऱ्यांचा, एकावेळी एक माणूस जाईल एवढाच. "बाई साडी नेसून कशी चढेल? डोक्यावर पेटी असलेला हमाल कुठून वळेल?" मामाजींनी मूठ दाखवली. काही दिवसांनी मला भिलाई-3 स्टेशनवरून निरोप आला की तुमचा माणूस पकडलाय. गेलो तर मामाजी पादचारी पुलाच्या जिन्यावर मेजपट्टी लावून बसलेले, खाली गाडीची गर्दी तुंबलेली आणि एक शिपाई हवालदिल होऊन विचारतोय, "ये आदमी कुछ बोलता क्यों नहीं?" मामाजी त्याला बोटांनी पायरीची उंची दाखवत होते. मी ओळख पटवून त्यांना सोडवलं. परतताना स्कूटरवर मागून त्यांचा आवाज आला, "तुमचे जिने बरोबर आहेत, जवाईबापू. मधात थांबाले जागा आहे." रेल्वेची तेवढी एक तारीफ मी त्यांच्याकडून मिळवली.

जिन्याच्या पायऱ्या ते लग्नपत्रिकांच्या करत. जाड, गुळगुळीत, चांगल्या कागदाच्या. अख्ख्या सेक्टरला, म्हणजे त्यांच्या प्लांटच्या वस्तीला, ठाऊक होतं की रामटेक्यांकडे दिलेली पत्रिका शेवटी जिन्यात जाते. बुद्धाचं आणि बाबासाहेबांचं चित्र असेल तो भाग ते आधी कापून वेगळा ठेवत. उरलेलं नाव, पत्ता, स्वागतोत्सुक मंडळी हे सगळं पायऱ्यांना. कोणती पायरी कोणाच्या लग्नाची हे त्यांच्या लक्षात असे. "हे वासनिकाच्या पोरीचं. हे साहूच्या पुतण्याचं. ह्या लग्नात वरण खारट होतं." जिन्याच्या दोन्ही बाजूच्या पट्ट्या ते एकत्र बांधून एकाच वेळी कानशीने खाचत, म्हणजे डावी-उजवी पायरी तंतोतंत जुळे. कठडा जळक्या मोटरच्या तांब्याच्या तारेचा. तार दाराच्या कडीला अडकवून ओढून सरळ करायची, हे काम जावयाचं. कठडा लागला की नखाने तो वरून खालपर्यंत चाचपत आणि मगच मातीचा माणूस पायरीवर ठेवत.

मामींबद्दल सांगायला हवं, कारण जिन्यांची गोष्ट खरी त्यांची आहे. सुलोचनामामी म्हणजे दणदणीत बाई. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. विहारातल्या बायकांची वंदना त्या घेत, कोणाच्या घरी भांडण झालं तर त्या जात, कोणाची पोर पळून गेली तर त्या जात आणि पोरीलाच घेऊन येत. गुडघे गेले आणि हे सगळं जिन्याच्या वर अडकलं. हृदयाचं दुखणं असल्यामुळे डॉक्टर गुडघ्याच्या ऑपरेशनला हात लावायला तयार नव्हते. त्यांच्या घराची गॅलरी मागच्या बाजूला, तिथून मैदान आणि कडुलिंब दिसे, रस्ता दिसत नसे. खालच्या मजल्याशी अदलाबदल करावी तर खाली मामींपेक्षा म्हातारी विधवा बाई. "तिले काय वर पाठवू? माह्या बदल्यात तिले कोंडू?" मामी म्हणाल्या आणि तो विषय संपला. मिलिंद दर फोनवर सांगे, पुण्याला या, लिफ्ट आहे. मामी म्हणत, "लिफ्टनं खाली उतरून जाऊ कुठी? तिथं मले ओळखते कोण?"

वर्षातून एक दिवस मात्र मामी खाली उतरत. चौदा एप्रिलला. मामाजींची जुनी गँग संध्याकाळी हजर होई, सगळे साठी ओलांडलेले, सगळे इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. पांढरी साडी नेसलेल्या मामी लाकडी खुर्चीत बसत, चौघे खुर्ची उचलत आणि मामाजी वरच्या पायरीवर उभे राहून हातांनी क्रेन चालवत. खालच्या बाजूला साहू. हा त्यांचा क्रेनवाला, छत्तीसगडी. नोकरीभर त्याने मामाजींचा हात वाचला होता. तो पाठमोरा उतरे, डोळे वर मामाजींच्या हातावर. मामी मधे राणीसारख्या. "हळू रे, मी काय लोखंड आहे का?" "लोहा होतिस त डर नई लागतिस, मामी," साहू म्हणे. खाली पोचल्या की बायका त्यांना गराडा घालत आणि मिरवणुकीबरोबर त्यांची खुर्ची थेट विहारापर्यंत जाई. त्या एका संध्याकाळच्या गप्पा मामींना वर्षभर पुरत असत.

मामाजींचा हात थरथरायला लागला होता. पहिल्यांदा गोंदाचा ब्रश हलताना दिसला, मग चहाची बशी वाजायला लागली. वय म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. त्यांनीही.

त्या वर्षीच्या जयंतीला खुर्ची जिन्याच्या वळणावर आली आणि तिचा मागचा पाय कठड्यात अडकला. मामाजींनी मूठ दाखवली. थांब. पण मूठ थरथरत होती. बोटं उघडत होती, मिटत होती. खालून साहूने पाहिलं आणि त्याला दिसलं ते 'जरा जरा खाली'. त्याने आयुष्यभर जे केलं तेच केलं, खुर्ची हलके हलके खाली ओढली. मामाजींनी मूठ आणखी आवळली, ती आणखी थरथरली, साहूने आणखी ओढली. तोंडाने 'थांब' म्हणायचं मामाजींना सुचलंच नाही. मी खाली उभा होतो. मला खुर्ची तिरपी होताना दिसली, मामींचा पाय खुर्ची आणि भिंत यांच्यामधे जाताना दिसला, आणि मग मामींचा आवाज ऐकू आला. तो आवाज मला अजून नको वाटतो.

घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघालं तेव्हा पाय जेमतेम उचलला जायला लागला. साहू किती दिवस येऊन दाराशी बसे. "मैं तो तुँहर हाथ ला देखत रहेंव, उस्ताद. हाथेच ला देखत रहेंव." मी तर तुमच्या हाताकडेच बघत होतो, एवढंच तो म्हणे. मामाजी त्याला खांद्याला धरून आत आणत, चहा देत. त्याची चूक नव्हती हे त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं आणि तोंडाने सांगितलं. त्या दिवसापासून मामाजी हातांनी बोलेनासे झाले. बोलताना उजवा हात मांडीखाली घालून बसत. इतकी वर्षं फारसं न बोललेल्या माणसाचं बोलणं ऐकायला आम्हाला चमत्कारिक वाटे. चहा पुरे झाला की "बस्स" म्हणत. मामी त्या शब्दाने दचकत.

पुढची जयंती जवळ आली तेव्हा गँग विचारायला आली. मामींनी सगळ्यांना लाडू दिले आणि म्हणाल्या, "मले आता कोणी उचलू नका. उचलून जाईन तं एकदाच जाईन, तेव्हा मले विचारू बी नका." कोणी हसलं नाही. त्या वर्षी मामी घरातच राहिल्या. मागच्या गॅलरीत खुर्ची टाकून त्या मैदानाकडे बघत बसल्या आणि बँडचा आवाज घराच्या दुसऱ्या बाजूने गेला.

आणि मामाजी जिने करत होते. मला त्यांचा खरंच राग यायचा. बायको वर अडकून पडलीय आणि हा माणूस मातीच्या बाहुल्यांना स्टेशनावर चढवतोय. एकदा घरी येऊन मी संध्यापुढे तडतडलो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग काय करावं त्यांनी? तुम्ही सांगा. तुम्ही तर रोज एवढी मोठी गाडी घेऊन फिरता." मी बराच वेळ विचार केला. डॉक्टरांना विचारून झालं होतं, मिलिंदचं पुणं झालं होतं, अदलाबदलीचा विषयही होऊन गेला होता. मी ड्युटीचा डबा भरला.

एका दुपारी गेलो तर मामी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या आणि मामाजी खाली जमिनीवर बसलेले. मामींच्या पायापुढे लग्नपत्रिकांची चळत.

"ठेव पाय," मामाजी म्हणाले.

मामींनी पाय उचलून चळतीवर ठेवला. मामाजींनी वर आणखी पत्रिका टाकल्या. "आता?"

पुन्हा उचलला. पुन्हा पत्रिका. असं करत करत एका ठिकाणी पाय चळतीच्या कडेला लागला आणि वर गेला नाही. मामींनी ओठ चावून पुन्हा प्रयत्न केला.

"एवढंच?" मामाजींनी विचारलं.

"एवढंच."

"ठीक आहे. एवढं तं एवढं." त्यांनी चळतीला मेजपट्टी लावली. माझ्या बोटाच्या जाडीपेक्षा ती चळत फार उंच नव्हती.

त्या मापाचा जिना त्यांनी मागच्या खोलीत सुरू केला. गाडीच्या प्रमाणात आणल्यावर मामींची पायरी बरोबर एका पत्रिकेच्या जाडीची निघाली. म्हणजे आता कापून खाचायला नको, एका पत्रिकेची पट्टी दुसरीवर किंचित सरकवून चिकटवली की झाली पायरी. थरथरत्या हाताला तेवढं जमत होतं. पण इतक्या बुटक्या पायऱ्यांनी स्टेशनाची उंची गाठायची तर जिना लांबच लांब जायला लागला. आधी त्याने स्टेशनाखालचा बाजार खाल्ला, मग मालधक्का, मग यार्ड. मामाजी रूळ उपसून जिन्याला वाट करून देत होते. थोड्या थोड्या अंतरावर थांबायला जागा, तिथे बाक, बाकाशेजारी पाण्याचा माठ. कठडा पूर्ण, दोन्ही बाजूंनी, तार कुठे वाकडी दिसली तर उखडून पुन्हा. खोलीची एक भिंत संपल्यावर जिना कोपऱ्यात वळून दुसऱ्या भिंतीने निघाला. वरून धावणारी गाडी बंद पडून कधीची फडताळात गेली होती.

"मामाजी, गाडी कुठं चालवणार आता?" मी विचारलं.

"गाडी मंग चालन, जवाईबापू. आधी खाली उतरू तं द्या."

कोणाला, हे मी विचारलं नाही. साहू खोलीच्या दारात उभा राहून त्या जिन्याकडे बघत होता. तो हळूच म्हणाला, "बढ़िया बने हे, उस्ताद. फेर घर म कइसे लगाबो?" घरी कसा लावायचा. ते मामाजींनी आधीच मोजून पाहिलं होतं. खऱ्या घराला असा जिना लावायचा तर तो अंगण ओलांडून, फाटकाबाहेर, रस्त्यावर गेला असता. कंपनीच्या वस्तीत अशी परवानगी कोण देणार होतं? तरी ते विचारायला गेले होते. तिथल्या साहेबाने त्यांना पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि नाही म्हटलं. मामींना हे सांगितलं तेव्हा त्या खोकला येईपर्यंत हसल्या. "रस्त्यावर जाते तं जाऊ द्या न! थेट विहारातच उतरते मी." मग पदराने डोळे पुसले. हसण्याचं पाणी होतं की दुसरं, मी पाहिलं नाही, कारण मामाजी माझ्याकडे बघत होते आणि मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, आज फार उकडतंय.

जिना पुरा झाला त्या दिवशी मामी भिंतीला धरत धरत मागच्या खोलीत आल्या. मामाजींनी त्यांना खुर्ची दिली. जिना स्टेशनापासून निघून दोन भिंतींनी फिरून दाराजवळ टेबलावरच्या जमिनीला टेकला होता. सगळ्यात वरच्या बाकावर पांढऱ्या साडीतली मातीची बाई बसली होती. मामींनी सगळा जिना डोळ्यांनी उतरून पाहिला.

"सुंदर केला," त्या म्हणाल्या. "पण एवढा लांब कावून? मी तं आपली बसून उतरली असती. लहानपणी पोट्टे नाई का, एकेक पायरी, बसून."

 आमच्यापैकी कोणाच्याच हे डोक्यात आलं नव्हतं. मामाजींच्या तर येणंच शक्य नव्हतं. कारखान्यात जिन्यावर बसणाऱ्याचा त्यांना भयंकर तिटकारा. उभं राहायचं, कठडा धरायचा, नाहीतर जिन्यावर पाऊल टाकायचं नाही, हे त्यांनी गँगमधल्या पोरांना रागावून रागावून शिकवलं होतं.

"लोकं काय म्हणतीन?" ते म्हणाले.

"लोकं मिरवणुकीत रायतीन. जिन्यात कोण येते पाहाले?"

मामाजींना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या जयंतीला. पुढे माझी बदली बिलासपूरकडे झाली आणि पावसाळ्यात ते झोपेतच गेले. मिलिंदने माणसं बोलावून मामींना स्ट्रेचरवर घालून खाली आणलं आणि पुण्याला नेलं. तेव्हा मामींना कोणी विचारलं नाही.

पण मला त्या दोघांची आठवण येते ती त्या जयंतीच्या संध्याकाळची. मी ड्युटीवरून सुटून संध्याला घेऊन मामाजींच्या सेक्टर 10 ला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सगळी वस्ती रस्त्यावर गेलेली, घरांना कुलपं. लांबून बँड जवळ येत होता. आम्ही जिना चढायला लागलो आणि वळणावर थबकलो.

मामी पायरीवर बसल्या होत्या. पांढरी साडी, निळा काठ, केसांत फूल. साडी पायऱ्यांच्या धुळीने मळली होती, कपाळावरून घाम वाहत होता आणि श्वास तोंडाने चालला होता. त्यांच्या एक पायरी खाली मामाजी बसले होते, पाठ भिंतीला टेकून. मामींचा मोडलेला पाय त्यांनी मांडीवर घेतला होता. वरून इथपर्यंत यायला दोघांना सगळी दुपार लागली होती आणि इथे मामींचा दम संपला होता.

"मामी, उचलतो आम्ही," संध्या पुढे झाली.

"हात नको लावू," मामी म्हणाल्या. "पाणी दे."

ती पाणी आणायला वर धावली. मी म्हटलं, "मामाजी, साहूला बोलावू? सगळे खालीच आहेत."

"राहू द्या, जवाईबापू. मिरवणूक जाऊ द्या आधी."

जिन्याच्या वळणावर रस्त्याच्या बाजूला सिमेंटची जाळी होती, मामी जिथे बसल्या होत्या तिथे बरोबर डोळ्यांसमोर. मामाजी खालच्या पायरीवर, त्यांना ती उंच पडत होती. बँड अगदी फाटकाशी आला, ताशाने जिना हादरायला लागला. मामींनी जाळीच्या भोकाला डोळा लावला.

"काय दिसून राहिलं?" मामाजींनी विचारलं.

"झेंडे." मग थोड्या वेळाने, "पोरी लेझीम खेळून राहिल्या. वासनिकाची नात आहे वाट्टे, केवढी मोठी झाली. बाबासाहेबाचा रथ आला." त्यांनी हात जोडले. मामाजींनीही जोडले, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून. "अवो, साहू नाचून राहिला!"

"साहू?"

"दोन्ही हात वर करून. पोट हालून राहिलं त्याचं."

मामाजी हसले. मी इतक्या वर्षांत त्यांना आवाज करून हसताना पाहिलं नव्हतं. मामी सांगत राहिल्या आणि ते त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. रथ पुढे गेला, बायकांची रांग गेली, मागून मुलं गेली. ताशा वळणाच्या पलीकडे गेला आणि विहाराच्या दिशेने कमी कमी होत गेला. संध्या पाणी घेऊन आली. मामी प्यायल्या, उरलेलं मामाजींना दिलं. त्यांनी प्यायला पेला तोंडाला लावला तर बरंच शर्टावर सांडलं.

"चला आता," मामी म्हणाल्या.

"कुठी?" मामाजींनी विचारलं.

मामींनी वर पाहिलं. मग खाली पाहिलं. वरती जेवढ्या पायऱ्या होत्या तेवढ्याच खाली होत्या.  मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी रेल्वेतला आहे म्हणून मला माहीत असेल. मग त्यांनी मामींच्या पायावरची साडी नीट केली आणि पाय तसाच मांडीवर धरून बसून राहिले.